जेवायला मास्क काढला तेव्हा

तो दिवस अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलिसातल्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. खून पाहून झाले होते, विहिरीतून प्रेतं काढून झाली होती, आता आपल्याला कशाचा धक्का बसायचा नाही अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ठाण्यात जे पाहिलं त्यात रक्ताचा थेंबही नव्हता, तरी ती समजूत मोडली. नावं कुणाचीच देत नाही. गाव पेठ वडगावच्या आसपासचं, एवढं पुरे.

हजेरी संपून बीटवाले आपापल्या वाटेला लागले होते. ठाणे अंमलदारांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एका गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. संस्थेसमोर एक अनोळखी माणूस बराच वेळ मोटरसायकल लावून उभा होता. हातात नायलॉनची पिशवी, नजर शेजारच्या बोळाकडे.

"सायेब, त्यो कुणाला काय इचारत न्हाय," सचिव म्हणाले. "पावणं आलं की घर इचारतंय. ह्याला घर ठावं हाय, पण जात न्हाय."

हे निरीक्षण माझ्या एखाद्या शिपायानं केलं असतं तर मी त्याच्यासाठी बक्षिसाची शिफारस केली असती. मी बोळ कुठला ते विचारलं आणि उत्तर ऐकून खुर्चीतून उठलोच.

त्या बोळात एक तरुण बाई भाड्याच्या खोलीत एकटी राहत होती. नवऱ्याच्या मारानं ती दोनदा मरता मरता वाचली होती. गुन्हा दाखल होता, दोषारोपपत्र कोर्टात गेलं होतं. नवरा जामिनावर बाहेर होता आणि तिच्याजवळ फिरकायचं नाही अशी कोर्टाची अट होती. पण सुटला त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारात, त्यानं तिला सांगून ठेवलं होतं की जिथं असशील तिथं येऊन तोडीन. अट कागदावर राहते आणि कोयता घरात असतो, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. म्हणून आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदारांनी ओळखीतून तिला ती खोली मिळवून दिली. ती कोण आणि राहते कुठे, हे दोन्ही आम्हा तिघांनाच ठाऊक होतं: मी, हवालदार बाई आणि राधानगरीकडच्या गावात राहणारी तिची आई.

बाई सावध होती. फोन बदलला, नंबर बदलला, फेसबुक बंद केलं. कामसुद्धा विचार करून धरलं. केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जायची. आता बऱ्याच कार्यालयांत वाढणाऱ्या बायकांना टोपी आणि मास्क सक्तीचा असतो. "तोंड झाकून करायचं ह्येच एक काम घावलं, सायेब," असं ती मला म्हणाली होती. मला तेव्हा तिच्या अकलेचं कौतुक वाटलं होतं.

जीप लांब ठेवून साध्या कपड्यातले दोघे पुढे पाठवले. तो पळाला नाही. पिशवीत वर मेथीची पेंडी, खाली कोयता. पंच बोलावले, पंचनामा केला, कोयता आणि मोबाईल जप्त केला. तो तिचा नवराच होता.

बाईनं त्याला खिडकीतून पाहिलं होतं. आतून कडी घालून, दाराला गॅसची टाकी लावून ती त्या टाकीवरच बसली होती. हवालदार बाईंचा आवाज ओळखल्यावर तिनं दार उघडलं. घाबरली होतीच, पण घाबरण्यापेक्षा संतापली होती जास्त.

"आईनंच सांगितलं न्हवं?" हे तिचं पहिलं वाक्य.

तिच्या संशयाला कारण होतं. याआधी दोनदा आईनंच तिची समजूत घालून तिला सासरी नेऊन सोडलं होतं. लोक काय म्हणतील, पदरात घे, नांद, असं सांगून. आईला आम्ही ठाण्यात बोलावलं. दुपारपर्यंत दोघी एकाच बाकड्यावर बसून होत्या, मधे वीतभर जागा सोडून, आणि लेकीनं आईकडे पाठ केली होती. चहा आला तोही तसाच निवून गेला. आईनं मला देवाची शपथ घालून सांगितलं की पत्ता कुणालाच दिलेला नाही. मग स्वतःच गोंधळली. "झोपंत बडबडले आसंन तर द्येव जाणं," म्हणाली. तिच्या फोनचे कॉल तपासले, त्यात काही निघालं नाही. हवालदार बाईंनी तर मी काही म्हणायच्या आत स्वतःचा फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. उरलो मी. मीही कुठे बोललो नव्हतो. मग हा माणूस त्या बोळाच्या तोंडाशी पोहोचला कसा?

त्याला समोर घेतलं. खोटं बोलणारा माणूस सहसा फार बोलतो. हा बोलतच नव्हता, आणि भ्यालेलाही दिसत नव्हता. "बायको हाय माझी. घर म्हाईत असणारच की," एवढंच पालुपद. वर्गात पहिला आलेल्या पोराला कुणीतरी विचारावं असं वाटत असतं, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. अशा माणसावर ओरडून काही हाती लागत नाही. मी त्याला चहा दिला आणि हवालदार बाईंना जरा मोठ्यानं म्हटलं, की लिहा, सासूनं फितूर होऊन पत्ता दिला, यानं स्वतः काही शोधलेलं नाही, ते याच्या डोक्याचं काम नव्हे.

कप टेबलावर आदळला. "ती म्हातारी काय सांगत्या? मी हुडकलीया तिला. माझ्या डोक्यानं."

मी म्हटलं, थापा मारू नकोस. मग मात्र त्याला राहवेना. पंचांना पुन्हा बसवून घेतलं आणि त्यानं आम्हाला त्याच्याच जप्त मोबाईलवर सगळं करून दाखवलं.

आजकाल लग्नात फोटोग्राफर अल्बम छापायच्या आधी सगळे फोटो इंटरनेटवर चढवतो आणि कार्यालयाच्या दाराशी एक चौकोनी कोड चिकटवतो. तो स्कॅन करून आपण आपला सेल्फी टाकायचा, की हजारो फोटोंतून आपल्यापुरते फोटो निवडून समोर येतात. कुठे जेवताना, कुठे कुणाच्या मागे अर्धवट उभे, सगळे. तीच लिंक नंतर पैपाहुण्यांच्या आणि गावाच्या ग्रुपवर फिरत राहते. भाच्याच्या लग्नातले माझे फोटो मीही असेच घेतले होते आणि काय सोय झाली म्हणून चारचौघांत कौतुकही केलं होतं.

या माणसानं स्वतःचा चेहरा टाकलाच नाही. त्यानं तिचा टाकला. ज्या लग्नांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्यांच्याही लिंका ग्रुपवर येत होत्या. येईल त्या लिंकेत तिचा फोटो टाकायचा आणि काय येतं ते बघायचं. देवाला रोज फूल वाहावं इतक्या नेमानं त्यानं अख्खी लग्नसराई हे केलं. हा चेहरा तुझाच आहे का, असं त्याला कुणी विचारलं नाही. आमच्या खात्यात गर्दीतला एखादा चेहरा जुळवून घ्यायचा तर वरिष्ठांना पत्र लिहा, कारण द्या, सही घ्या, उत्तराची वाट बघा. हा गडी घराच्या कट्ट्यावर बसून नुसत्या अंगठ्यानं तपास करत होता.

टाकलेला फोटो त्या दोघांच्या लग्नातला होता. मुंडावळ्या, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. पडद्यावर चक्र फिरलं आणि दुसरा फोटो आला.

त्या फोटोत पुढे पैठण्या नेसलेल्या बायका उभ्या होत्या. फोटो त्यांचा होता. मागे, कोपऱ्यातल्या टेबलापाशी, वाढपी बायका जेवायला बसल्या होत्या आणि त्यांच्यात ही होती. मास्क हनुवटीवर ओढलेला, टोपी काढलेली, हातात जिलेबीचा तुकडा. शेजारची काहीतरी बोलली असावी, कारण ती मान मागे टाकून खळखळून हसत होती. मुंडावळ्यांतली ती मुलगी आणि ही हसणारी बाई एकच, हे कुणी सांगितल्याशिवाय मी ओळखलं नसतं. मी तर तिला प्रत्यक्ष भेटलेलो माणूस. हवालदार बाईंनी तोंडावर हात धरला. पंचांतले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "आयला, म्हंजे आपलंबी..." आणि खिशातला मोबाईल चाचपू लागले.

पुढचं त्यानं जुन्याच पद्धतीनं केलं होतं. तिच्या एप्रनवर केटरिंगवाल्याचं नाव होतं. गिऱ्हाईक म्हणून फोन लावला, पुढचं काम कुठे आहे ते गोडीनं काढून घेतलं, त्या कार्यालयाबाहेर थांबला आणि बायकांना घरी सोडणाऱ्या टेंपोमागून बोळापर्यंत आला.

तिला मी विचारलं, की कामाच्या ठिकाणी मास्क कधी काढत होतीस का. एकदाच, म्हणाली. एरवी ती डबा घरी आणून खायची. त्या दिवशी नवरीच्या आईनं हात धरला. माझ्या पोरीचं लगीन हाय, जेवल्याबिगर सोडायची न्हाय, म्हणून ओढून बसवलं आणि स्वतः ताट वाढून दिलं. आमच्या भागात असा आग्रह मोडणं म्हणजे त्या घराचा अपमान. तिनं मान राखला.

फोटोग्राफरला बोलावलं. भला मुलगा होता, भीतीनं पांढरा पडला. लोकांची सोय म्हणून करतो हो साहेब, एवढंच म्हणत राहिला. त्यानं तिथल्या तिथे अल्बम काढून टाकला. आता सगळं गेलं ना, असं मी विचारलं. माझ्याकडनं गेलं, म्हणाला. कुणी कुणी उतरवून घेतलं ते सांगता येत नाही, आणि ज्या कंपनीचं ते ॲप आहे ती हे सगळे चेहरे कुठे ठेवते, किती दिवस ठेवते, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. बाकी फिर्याद कुणाविरुद्ध लिहायची, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग दोघी मायलेकींना माझ्या केबिनमध्ये बसवलं. आईनं काही सांगितलं नाही, हे बघ कुणी सांगितलं, असं म्हणून मी तो फोटो लेकीपुढे धरला. तो पाहिल्यावर ती खुर्ची सरकवून आईला चिकटून बसली. आईनं पडद्याला हात न लावता, वाकून फोटो पाहिला.

"ही आमचीच पोरगी व्हय? आशी हसत्या?" म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी अजिजीनं, "सायेब, ह्यो मला द्या की. माझ्याकडं हिचा हसल्याला एकबी न्हाय."

लेकीनं आईचा हात धरला. "नगं, आई. पुसा, सायेब."

कोर्टापुरती एक प्रत मोहोरबंद केली. बाकी जिथं जिथं हात पोहोचला तिथून पुसून टाकलं. आई पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली.

त्याचा जामीन रद्द झाला, पुढे शिक्षाही झाली. बाईनं गाव बदललं. कुठे गेली ते मी विचारलं नाही आणि हवालदार बाईंनाही विचारू दिलं नाही. तोंड लपवतो तो चोर, या हिशेबानं मी आयुष्यभर नाकाबंदी केली, स्कार्फ सोडा, हेल्मेट काढा म्हणून लोकांना दरडावलं. नुसतं जगण्यासाठी कुणाला तोंड झाकावं लागतं, हे मला या प्रकरणानं दाखवलं. आणि ते झाकलेलं तोंड उघडं पाडायला वैरी लागला नाही. चांगल्या घरचं लग्न होतं, प्रेमानं वाढलेलं ताट होतं, होतकरू फोटोग्राफर होता. यातला कुणीही वाईट नव्हता, आणि कोयता दारापर्यंत आला होता. अजूनही लग्नात कुणी कोड पुढे केला की मी नको म्हणतो. नातेवाईक म्हणतात, रिटायर झाल्यापासून साहेब चक्रम झाले. म्हणू देत.

मध्यंतरी तिची आई बाजारात भेटली. लेक बरी आहे, काम करते, म्हणाली. मी विचारलं, हसते का?

"हसत्या की," ती म्हणाली. "पण आधी इकडं तिकडं बघत्या."