बाबांचा पेपर

फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीच्या तपासणीचं शिबिर होतं. सकाळी बी विंगमधल्या आजी तपासणी करून आल्या आणि दुपारपर्यंत डॉक्टरांचे सगळे प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर आले. पेपर फुटल्याची कुणाला लाज वाटली नाही, उलट घराघरांत क्लास सुरू झाले. बाबा आंघोळ करून आले की पुन्हा आंघोळीला निघत. पण बहिणीचं लग्न ठरत होतं, आणि मुलीच्या वडिलांना विसरायचा आजार आहे हे कळलं तर स्थळ हातचं जाईल, अशी आम्हा सुशिक्षितांना भीती. मी दोन तास बसून त्यांच्याकडून घोकून घेतलं. आजचा वार, तारीख, लक्षात ठेवायचे तीन शब्द: आंबा, खुर्ची, छत्री. चुकले की ओरडलोही.

संध्याकाळी बाबांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले. काळजीचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईने शेजारी पेढे वाटले.

घरी आल्यावर बाबा सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले. थोड्या वेळाने मला हळूच म्हणाले, "सर, पेपर झाला. आता मी घरी जाऊ?"