पत्ता पुण्याचा, खाट अकोल्याची

फिनाइलच्या खालून ओव्याचा वास येत होता. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डाची ती माझी पहिली ओळख. फिनाइल सरकारी होतं, पुसलेल्या फरशीवर पांढुरक्या पट्ट्यांनी वाळत गेलेलं. ओवा घरोघरचा होता. कुणाच्या तरी आईनं पहाटे भाजून, डब्यात भरून, एस.टी.नं मांडीवर धरून आणलेला. दोन्ही वास एकमेकांत मिसळत नव्हते. एक जमिनीजवळ राही, दुसरा खाटांच्या उंचीवर तरंगे.

मी तिथं रुग्ण म्हणून गेले नव्हते. मराठीत एम.ए. करून, कवितेवर प्रबंध लिहिण्याचा बेत मनाच्या मागच्या खोलीत ठेवून, मी आरोग्य खात्याच्या जिल्हा कार्यालयात सांख्यिकी सहायक म्हणून नुकतीच लागले होते. माझ्या हातात एक तक्ता होता. दवाखान्याची नवी इमारत व्हायची होती, आणि पुढच्या पंधरा वर्षांत कोणत्या वॉर्डाला किती खाटा लागतील हे अशा तक्त्यांवरून ठरणार होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात तेव्हा तीस खाटा होत्या. माझ्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: वाढीव खाटांची आवश्यकता नाही.

ते वाक्य मी प्रामाणिकपणे काढलं होतं. केसपेपरच्या नोंदवहीतून वर्षभरातल्या बायका मोजायच्या, प्रत्येकीचे मुक्कामाचे दिवस मांडायचे, आणि पत्ता पाहून त्यांचे वाटे करायचे: शहरातल्या, जिल्ह्यातल्या, विभागाबाहेरच्या. विभागाबाहेरच्या वजा करायच्या, कारण त्यांची गरज त्यांच्या त्यांच्या जिल्ह्याच्या आराखड्यात धरलेली असते, अशी सूचना तक्त्याच्या पाठीवर छापलेली होती. मी तांबडी पेन्सिल घेऊन आठ दिवस बसले. भोसरी, चाकण, पुणे, नाशिक, पुन्हा पुणे. एकेका नावावर एक आडवी रेघ. ज्या उरल्या त्या तीस खाटांवर नीट मावत होत्या, पंधरा वर्षांची वाढ धरूनही. उत्तर असं नेटकं आलं की माणसाला आपल्या बुद्धीचं थोडं कौतुक वाटतं, तसं मला वाटलं होतं.

तक्त्यावर वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरची सही लागत होती. या सिस्टर निवृत्तीच्या उंबऱ्यावर आलेल्या, अकोल्यातल्याच एका मुसलमान कापडवाल्याच्या घरातल्या. बोलणं वऱ्हाडी, मध्येच उर्दूचा एखादा मऊ शब्द. हातांना स्पिरिटचा थंड वास. त्यांनी तक्ता उभ्या उभ्याच वाचला. सही केली नाही. तो घडी करून काखेत धरला आणि मला पाठोपाठ यायला सांगितलं.

दोन खाटांमधल्या प्रत्येक फटीत एक गादी होती, आणि प्रत्येक गादीवर एक बाई. पाऊल आडवं टाकावं लागत होतं. खिडकीशेजारी गादीही संपली होती. तिथं सतरंजीवर एक मुलगी होती, सिझर होऊन दुसरा दिवस. ती उठत होती. आधी कोपरावर, मग खाटेचा लोखंडी पाय धरून गुडघ्यावर, मग थांबून, डोळे मिटून, उभी. खाटेवरून नुसते पाय खाली सोडायचे असते तर एवढं लागलं नसतं. सिस्टरनी तिला पत्ता विचारला. उत्तर तिच्या आईनं दिलं, आणि जरा मोठ्यानं दिलं, शेजारच्या खाटांनाही ऐकू जावं अशा बेतानं: पुणे. जावई कंपनीत आहेत.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "बेटा, तुह्या कागदावर हे पुण्याची हाय. इथं माह्या पायाशी झोपून राह्यली."

मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मी अमरावतीची. माझ्या थोरल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी झालं, आणि ती सातव्या महिन्यात नाशिकहून आली तेव्हा तिची बॅग मीच रिक्षातून उतरवून घेतली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही. पण दवाखान्याच्या खिडकीत मात्र माहेर कुणीच सांगत नाही. लग्न झालेल्या लेकीचा पत्ता म्हणजे तिच्या नवऱ्याचा पत्ता. तिथं बापाचं गाव सांगणं आयांना अशुभासारखं वाटे. शिवाय ती वर्षं अशी होती की कपाशीवर कुणाचाच भरवसा उरला नव्हता, आणि शेत करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला शेतकरीच तयार नव्हते. महिना झाला की पगार घेणारा जावई हवा, मग तो चाकणला एका खोलीत तिघांबरोबर राहत असला तरी चालेल. ज्यांना असा जावई मिळाला ते त्याचा पत्ता मोठ्यानं सांगणारच. नोंदवहीत दर वर्षी पुणे वाढत गेलं होतं, आणि मी माझ्या वर्षातलं सगळं पुणे खोडून टाकलं होतं.

मी कार्यालयात जाऊन साहेबांना सांगितलं की तक्ता चुकला आहे. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. तक्त्यात माहेरासाठी रकाना नाही, एवढंच ते म्हणाले. मोजायचं तर मोजा, पण अमरावतीला विभागीय कार्यालयात तुम्हीच समजावून सांगा.

मग मी पंधरा दिवस केसपेपरच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून बसले. कितवं बाळंतपण, कुणाच्या घरून आलात, इथं कुणी पाठवलं, एवढंच विचारायचं. तेल्हाऱ्याची एक बाई लेकीला जीपमधून घेऊन आली होती. तिथल्या दवाखान्यानं सिझरची सोय नाही म्हणून इकडे धाडलं होतं. मी विचारलं, मुलगी पुण्याला असते तर तिथल्या मोठ्या दवाखान्यात का नाही नेलं? तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून? आमी मेलो काय?" रांग हसली. मीही हसले आणि माहेर: तेल्हारा, असं लिहिलं.

सिस्टर दुपारच्या चहाला येऊन माझी वही पाहून जात. बोट आकड्यांवरून खाली सरकवत नेत आणि शेवटी नखानं एक टिचकी देत. खोडलेल्या बायका परत घेतल्या, त्यांचे दिवस धरले, पुढच्या पंधरा वर्षांची वाढ मांडली. उत्तर साठ आलं. साठ खाटा असतील तर एकही बाळंतीण फरशीवर राहणार नाही. या तक्त्यावर सिस्टरनी सही केली, आणि शाई वाळेपर्यंत तो हातातच धरला.

अमरावतीला मी सकाळच्या एस.टी.नं गेले. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकला होता. भरल्या गाड्यांतून काट्यांनी ओरबाडून घेतलेला. उन्हात तो बाभळीचंच फूल असल्यासारखा दिसे. जवळून धूळ दिसे.

विभागीय अधिकारी सभ्य आणि बारकाईनं वाचणारे होते. त्यांनी तांबड्या रेघांखालची नावं परत धरलेली पाहिली आणि विचारलं, या बायका पुण्याच्या आराखड्यात आल्याच असतील, मग आपण त्या दोनदा मोजायच्या का? मी म्हटलं, पुण्यानं मोजल्या असतील, पण त्या बाळंत इथं होतात. ते म्हणाले, तशा अकोल्याच्या सुनाही आपापल्या माहेरी जातातच; तुमच्या खाटा तेवढ्या रिकाम्या होतील. हा प्रश्न मी रस्ताभर घोकला होता. मी सांगितलं की त्या जिल्ह्यातच तेल्हाऱ्याला जातात, बाळापूरला जातात, आणि अडलं की तिथून पुन्हा अकोल्यालाच पाठवल्या जातात. ते पेनचं टोपण लावत-काढत राहिले.

कार्यालयाच्या हेडक्लार्क बाई फाइल घेऊन टेबलाशी उभ्या होत्या. या साहेबांपेक्षा वयानं मोठ्या, आणि ते त्यांना माहीत असलेल्या.

"साहेब, आपली ताई सध्या कुठी हाये?"

साहेबांनी चष्मा काढला. ताई म्हणजे त्यांची मुलगी. मागच्याच आठवड्यात पुण्याहून त्यांच्या घरी आली होती, सातवा महिना. रविवारी डोहाळजेवण होतं आणि अर्ध्या कार्यालयाला आमंत्रण होतं.

"ती खाजगी दवाखान्यात जाणार आहे," साहेब म्हणाले.

"हो ना. अन् तिथं पत्ता कोणता लिवान?"

साहेब थोडं हसले, तेही कागदाकडे पाहून. मग पेन ठेवून पेन्सिल घेतली. वर साठ पाठवले तर अख्खा तक्ता परत येईल, आणि परत आलेला तक्ता पुन्हा तीसवर बसेल, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. पंचेचाळीस टिकतील. त्यांनी साठ खोडून पंचेचाळीस लिहिलं आणि खाली सही केली. हेडक्लार्क बाईंनी मला जाताना चहा पाजला. तीसचे पंचेचाळीस काही थोडे नव्हेत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

परतीच्या एस.टी.त मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. पंधरा खाटा मी मनात एका रांगेत मांडून पाहिल्या. त्या वॉर्डाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेल्या. घरी न जाता मी सरळ दवाखान्यात गेले. चार वाजले होते, भेटीची वेळ, डब्यांची झाकणं वाजत होती. सिस्टर गुडघ्यांवर बसून फरशीवरच्या गादीवर एक चादर अंथरत होत्या. जिच्यासाठी अंथरत होत्या ती बाई स्ट्रेचरवर थांबलेली होती. मी वाकून त्यांना सांगितलं, साठ नाही झाले, पण पंचेचाळीस मंजुरीला गेले, सहीनिशी.

त्यांनी चादरीची सुरकुती तळव्यानं काढली, कोपरा गादीखाली दाबला, आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"बाकीच्या?"