चार खोल्यांत एकच आवाज

"अहो, बंद करा ते! आधी बंद करा!"

बायको जिन्याच्या वळणावरून ओरडत होती आणि मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, फोन कानाला लावून उभा होतो. खालची मोटर चालू होती. आमची मोटर सुरू झाली की जळगाव स्टेशनावरची माणसं गाडी आली समजून सामान उचलतात, त्यामुळे मला तिचं नुसतं तोंड हलताना दिसलं. धाकट्या भावानं धुळ्याहून बोलून पाठवलेला निरोप मी फोनवर लावला होता, पण कानात काही येईना. आवाज वाढवला. तरी येईना. शेवटपर्यंत वाढवला. तेवढ्यात मोटर थांबली आणि खाली घरात भाऊ गरजताना ऐकू आला. मला वाटलं, हा तर उद्या कानबाईच्या सणाला येणार होता, आजच कसा टपकला?

घोळ माझ्याच हुशारीचा होता. आमचे वडील, आबा, दोन वर्षांपासून कानांनी मंद झालेले. कानात घालायचं यंत्र त्यांनी एकदा घातलं, "याच्यात नुसती भांडी वाजतात" म्हणाले आणि सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. आई गेल्यापासून ते एका जागी बसत नाहीत. या खोलीतून त्या खोलीत जातात आणि प्रत्येक उंबऱ्यावर विचारतात, काय म्हणे? बातम्यांतला माणूस काय म्हणे, कीर्तनकार काय म्हणे. दिवसातून हजार वेळा, मी मोजलंय. म्हणून मी चार खोल्यांत चार साउंडबार लावले, चारही माझ्या फोनला जोडलेले. आबा घरात कुठेही जावोत, आवाज त्यांच्या सोबत चालेल. भाऊबंदांत माझी वाहवा झाली, थोरल्यानं बापासाठी काय केलं बघा. खरी गोष्ट अशी की घर स्वतःच बोलू लागल्यावर आम्हाला त्यांच्याशी फारसं बोलावं लागत नव्हतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

फक्त चार आवाजांचा मेळ बसेना. पुढच्या खोलीत गाणं सुरू झालं की स्वयंपाकघरात ते अर्ध्या शब्दानं मागे, आणि आबांच्या मागच्या खोलीत तर इतकं मागे की चोपड्याची बस गाठून यावी. कानबाईच्या गाण्यात देवी एकदा घरात येते, आमच्याकडे चारदा यायची. आठ दिवस मी फोनमध्ये नाक खुपसून तो उशीर एकेका केसाएवढा कापत होतो. त्या दिवशी सकाळी तो जमला. चारही खोल्यांत एकच स्वर, एकाच वेळी. सगळा एकदम, आबांच्या अहिराणीत बठ्ठा. पेढे वाटायचेच काय ते राहिले.

त्याच दिवशी रोटांचे गहू काढायचे होते. आमच्या कानबाईला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, त्या पिठाचे नैवेद्याचे जाड रोट होतात आणि ते घरच्याच माणसांनी खायचे. मूठ आबा भरतात. पुढच्या खोलीत भाऊबंदांच्या सात-आठ बायका बसलेल्या, मध्ये पाटावर सूप, आबांच्या पुढ्यात गव्हाची टोपली. माझ्या फोनवरून चारही खोल्यांत कानबाईची गाणी चाललेली, आणि मी तोच फोन खिशात घालून टाकी बघायला वर गेलो. निरोप आला, मी लावला, गाणं थांबलं. यंत्राला काय, देवी असो की भाऊ, त्यानं आवाज पोचता केला.

भाऊ सांगत होता, "दादा, तू म्हणतोस की आबांचं करणं आता तुम्हा दोघांच्यानं होत नाही. ठीक आहे, कानबाई झाली की मी त्यांना धुळ्याला नेतो. पण मीच हट्ट धरलाय असं त्यांना सांगू नको. नको झाले ते तुला, तर तसं तूच सांग."

ही शेवटची तीन वाक्यं मी जिना उतरताना, सगळ्यांबरोबरच ऐकली. माझा बेत नेमका तोच होता. धाकटा फार मागे लागलाय, आबा, त्याचं मन मोडू नका, असं डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं. त्या पाण्याचीही मी तालीम केली होती.

खोलीत कुणी वर बघेना. एक काकू सुपातला नसलेला खडा निवडत होती. आबांची मूठ गव्हात होती. त्यांची स्वतःची आणि माझी सव्वा मूठ सुपात पडली होती, ही धाकट्याची. ती त्यांनी उचलली, सुपात सोडली, वर पाव मूठ घातली आणि तळहात धोतराला पुसला.

मी फोन बंद केला होता, तरी पुन्हा एकदा बंद केला. त्यांच्या शेजारी बसलो आणि कानाशी तोंड नेऊन म्हणालो, हे यंत्र मधेच काहीबाही लावतं. मग राहवलं नाही.

"आबा, काही ऐकू आलं का तुम्हाला?"

त्यांनी भिंतीवरच्या साउंडबारच्या काळ्या पट्टीकडे बघितलं आणि माझ्या मुलाच्या नावाची मूठ भरायला टोपलीत हात घातला.

"आते बठ्ठा आवाज एकदम येस," आबा म्हणाले.