पडद्यावरची म्हातारी

सगळ्यांत भयंकर सिनेमा कोणता पाहिला, असं कुणी विचारलं तर मला कुठल्या टॉकीजचं नाव सांगता येत नाही. तो मी पांढुर्ण्याच्या बाजाराच्या मैदानात, पोतं टाकून जमिनीवर बसून पाहिला. पाच-दहा मिनिटांचाच असेल. त्यात गाणं नव्हतं, नट नव्हते.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी मूळची सौसरची. मुलींच्या शाळेत नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते आणि पांढुर्ण्याला मामांकडे राहत होते. मामांचं किराणा दुकान होतं. त्याच्या बाजूच्या गाळ्यात सिंधमधून आलेल्या एका माणसाने कापडाचं दुकान टाकलं होतं. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहत. तो दिवसभर हसतमुख असे, गिऱ्हाइकांशी मोडकीतोडकी मराठी बोले. बायको मात्र बाहेर दिसत नसे. इकडे येताना एका स्टेशनच्या गर्दीत त्याची आई हात सुटून हरवली, एवढं मामांना माहीत होतं. मामी त्या घरी कधी गेली नव्हती. ‘त्यायचं खाणंपिणं वेगळं, बोलणं वेगळं. जाऊन करू काय?’ म्हणायची.

हिवाळ्यात सरकारी प्रचाराची गाडी आली. दोन बांबूंना पांढरं कापड बांधलं, गाडीतलं यंत्र घरघरायला लागलं. दिवस मावळायच्या आत मैदान भरलं. नदीपलीकडून सावरगावचे लोकही आले. पुढे जागा न मिळालेले पडद्याच्या मागे बसले, त्यांना सगळं उलटं दिसत होतं, तरी तक्रार नव्हती. आधी हिवतापाचं चित्र दाखवलं. पडदाभर मोठा मच्छर पाहून लोक पोट धरधरून हसले. ‘बाप्पा! हा तं बैल हाये!’ कुणीतरी ओरडलं.

मग मध्ये काही न सांगता दुसरी रीळ लागली. माणसांची रांग. बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी, टोपलीत बसवलेला म्हातारा. रस्त्याच्या कडेला एक बाई मांडीवर मूल घेऊन बसलेली, आणि ते मूल हलत नव्हतं. हसू कधी थांबलं ते कळलंच नाही. फाळणीचं आम्ही ऐकलं होतं, पेपरात वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

मामीने पदर तोंडावर ओढला. मागून एकजण ओरडला, ‘बंद करा हे! लेकरं पाहून राहिलेत!’ बाया पोरांना उचलून उठायला लागल्या. मला आठवतं, मी पडद्याकडे कमी आणि आजूबाजूला जास्त पाहत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी गोटमार, म्हणजे दोन गावांमधली दगडफेक, पाहायला हीच माणसं दाटी करायची. डोकी फुटली तरी हटायची नाहीत. आज ती माना खाली घालून वहाणा शोधत होती.

तेवढ्यात कापडवाला उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर पडली.

‘रोको! फिर से दिखाओ! मेरी माँ है!’

यंत्रवाला घाबरला. म्हणाला, ‘मध्येच थांबवता येत नाही, पट्टी जळेल. संपू द्या, मग पुन्हा लावतो.’

निघालेले लोक थांबले. एकेक करून सगळे परत बसले. मामांनी माणूस धाडून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती आली, आमच्याजवळ बसली. डोक्यावरची ओढणी तिने पुढे ओढून घेतली होती.

दुसऱ्यांदा रीळ सुरू झाली तेव्हा मैदान वेगळंच होतं. सगळे माना उंच करून बघत होते. मामीने पदर बाजूला केला आणि मला ढोसलं, ‘अवं, कोठी हाये त्यायची माय? दाखव ना मले.’ एका गाडीवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. गाडी वळली तेव्हा क्षणभर तिचा चेहरा दिसला आणि लगेच दुसरं दृश्य. ‘हीच का?’ ‘हीच!’ दोन्ही बाजूंनी आवाज उठले. यंत्रवाल्याने न सांगता तिसऱ्यांदा लावली. त्या बाईच्या मांडीवरचं मूलही आम्ही तीनदा पाहिलं. या वेळी कुणी डोळे मिटले नाहीत. शोधायला कुणीतरी मिळालं की माणसाला काहीही पाहता येतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही बरंचसं तसंच वाटतं.

नवऱ्याने बायकोला विचारलं. तिने मान हलवली. ‘अमां नहीं है,’ म्हणाली.

त्याला ते पटलं नाही. दोन दिवसांनी तो नागपूरच्या पॅसेंजरने निर्वासितांच्या छावण्या शोधायला निघून गेला.

तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन त्या मागच्या खोलीत गेली. मला सोबत नेलं. मग रोज संध्याकाळी जायचा परिपाठच पडला. एक दिवस ती बाई कणीक मळता मळता म्हणाली, ‘बहनजी, मी पाहिलं नाही. दोनों बार आँखें बंद थीं.’

मामीचा हात थांबला. ‘मंग नाही काहून म्हणली व?’

‘वही निकलती तो? लोक म्हणत होते, म्हातारी गाडीवर एकटी आहे. आम्ही इथं.’

 मामीने परात आपल्याकडे ओढली आणि राहिलेली कणीक स्वतः मळली. घरी येताना मला म्हणाली, ‘हे त्याले सांगायचं नाही.’ आम्ही नाही सांगितलं.

तो बऱ्याच दिवसांनी परत आला. दाढी वाढलेली, एकटाच. मामांनी विचारलं तेव्हा एवढंच बोलला, ‘तिथं सारेच आपापली आई शोधून राहिले.’ आणि दुकानाच्या फळ्या काढायला लागला.

पुढे राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. मामांच्या दुकानासमोर रोज वाद होई. आपण तुटलो, असं मामा तावातावाने म्हणत. कापडवाला आपल्या गादीवरून ऐकत असे. एकदा त्याने विचारलं, ‘मामाजी, रेघ काढली, बरोबर. घरातून कोणाले काढून राहिले का?’

‘तसं नाही काही,’ मामा म्हणाले.

‘मग बसा. चहा सांगतो.’

त्याने आतल्या दाराकडे हाक दिली. ती चहा घेऊन स्वतः बाहेर आली, आणि मामीसाठी जास्तीचा एक कप घेऊन आमच्या घराकडे गेली.