बाई थांबली

तार अमरावतीला, माझ्या शाळेच्या पत्त्यावर आली. मॅट्रिकचा वर्ग चालू होता. शिपायानं कागद दिला, मी वाचला आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं प्रमेय पूर्ण केलं. अकोल्याची माझी थोरली बहीण गेली होती. आम्ही तिला बाई म्हणायचो. आता महिना होत आला.

मोर्णा नदीकाठचा मळा दाजी बघायचे, जुन्या शहरातला भाजीचा बाजार बाई. टोपलीतली भाजी वाळू नये म्हणून ती रोज पहाटे गोणपाट भिजवून वर टाकायची. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या पोटात उजवीकडे दुखू लागलं. मी आणि दाजी तिला मुंबईला घेऊन गेलो. यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ मोठी आहे. आज कापली तर मागे पुरेसं यकृत उरणार नाही. आधी शिरेतून औषध देऊ, सोबत मशीनच्या किरणांचा शेक. गाठ आकसली तर ऑपरेशन करू. हे सगळं नवं आहे, खात्री देत नाही."

शिकलेला म्हणून दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईला व्हरांड्यात नेलं. म्हणालो, "दोन-दोन इलाज एकदम तुझ्यानं सोसवायचे नाहीत. ऑपरेशनची खात्री नाही, तर घरी चल."

"काहून? मराले?" ती म्हणाली. "ते तं इथंबी होते. मी थांबतो."

दोन महिने ती थांबली. केस गेले, पाण्याचासुद्धा वास सहन होईना. एकदा शेक घेऊन परतताना ती भिंत धरून उभी राहिली. "पुरे कर, बाई," मी म्हणालो. दम लागला होता, तरी बोलली, "तू जाय अमरावतीले. पोराईची परीक्षा हाये ना?"

गाठ आकसली. ऑपरेशन झालं. पुढं चार वर्षं तिनं बाजार केला, धाकट्या लेकीचं, गौरीचं लग्न लावलं. मग दुखणं उलटलं. या खेपेला मुंबईचा आग्रह मीच धरला. "आता नाई, बापू," ती म्हणाली. "तवा गौरी लहान होती…"

माझा सल्ला चुकला होता, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिनंही कधी काढलं नाही.

तेरावं झाल्यावर पहाटे उठलो, तर ओसरीत तिची टोपली रिकामीच होती आणि बाईची सून टोपलीवरचं गोणपाट भिजवत होती. टोपलीत भाजीची एक काडी नव्हती. मी पाहत राहिलो, तशी ती ओशाळली.

"वाळून राह्यलं होतं, मामा," ती म्हणाली. "पाहवलं नाई."