चकाचक मालकांचा बॉयलर

माझ्या सासऱ्यांना आमच्या इमारतीतले भाडेकरू पाठीमागे 'चकाचक' म्हणतात. समोर 'मालक' म्हणतात, कारण भाडं वाढवणं त्यांच्या हातात आहे. आयुष्यभर विजेच्या सामानाच्या दुकानात खपून त्यांनी ही इमारत उभी केली, आणि उभी केल्यापासून ते ती पुसत आहेत. जिन्याचा कठडा पुसतात, टपालपेट्या पुसतात, एकदा तर दाराशी ठेवलेली दुधाची बाटलीसुद्धा पुसली. आतलं दूध नासलं होतं, पण बाटली कशी लखलखत होती.

तळघरात बॉयलर आहे. साऱ्या इमारतीला गरम पाणी आणि थंडीत खोल्यांना ऊब तिथूनच मिळते. शहराचा नियम असा की मालकाने दरवर्षी बॉयलरची तपासणी करून घ्यायची आणि पास झाल्याचं प्रमाणपत्र तिथे भिंतीवर लावायचं. हा नियम सासऱ्यांइतका कुणी मनावर घेतला नसेल. प्रत्येक प्रमाणपत्र ते काचेच्या फ्रेममध्ये घालतात. स्वतःच्या लग्नाचा फोटो मात्र कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. फ्रेम उरली नाही म्हणे.

तपासणी जवळ आली की ते जुनी पँट चढवून चंदेरी रंगाचा डबा घेऊन तळघरात उतरतात आणि बॉयलर, पाइप, चाव्या, जे दिसेल ते रंगवतात. आधीचे तपासनीस यायचे, फ्रेमांच्या रांगेचं कौतुक करायचे, वर येऊन चहा प्यायचे आणि सही ठोकून जायचे. मी एकदा सुचवलं होतं की बाबा, आतूनही कुणाला तरी दाखवून घ्या. त्यावर त्यांनी विचारलं, आत बघायला जातंय कोण? वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच, पण सुनेने असलं बोलायचं नसतं, म्हणून मी मनातच बोलले.

त्या बॉयलरच्या डोक्यावर एक सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. आतला दाब वाढला की त्याने आपणहून उघडून वाफ बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. तो अधूनमधून ठिबकायचा. फरशीवर डाग पडायचा आणि सासऱ्यांचा जीव तिळतिळ तुटायचा. शेवटी त्यांनी त्याच्यावरही रंगाचा हात मारला. एका हाताने भागेना, तेव्हा आणखी दोन मारले. ठिबकणं थांबलं. मग ही पराक्रमाची गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागायची.

बॉयलरच्या बरोब्बर वरची खोली आमची, माझी आणि नवऱ्याची. घरातली सगळ्यात ऊबदार. म्हणूनच माझी लेक झाली तेव्हा आजोबांनी स्वतःच्या हाताने तिचा पाळणा तिथे लावला. नातीला गारवा बाधू नये, एवढीच त्यांची इच्छा.

यंदा तपासनीस म्हणून एक बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी चहाला नाही म्हटलं, तिथेच सासऱ्यांनी सावध व्हायला हवं होतं. मी लेकीला कडेवर घेऊन मागोमाग तळघरात उतरले. फुकटची फजिती बघायला मिळत असेल तर कोण सोडतं? बाईंनी फ्रेमांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सासऱ्यांनी घसा खाकरून व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं.

"दोन वर्षं झाली, एक थेंब गळला नाही."

व्हॉल्व्ह उघडून वाफ सुटते का ते बघायला बाईंनी त्याची दांडी वर ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. चंदेरी रंगाची एक खपली निघून त्यांच्या बुटावर पडली, पण दांडी काही हलली नाही. बाईंनी आधी बॉयलर बंद केला.

सासरे उसळले. थंडीचे दिवस, भाडेकरू माझ्या डोक्यावर बसतील, इतकी वर्षं पास झालो ते काय उगाच, जरा भिंतीकडे बघा तरी. मला हसू आवरेना. काचासुद्धा सकाळीच पुसल्यात हो, असं अगदी ओठांवर आलं होतं.

बाईंनी त्यांना बोलू दिलं. मग छताकडे बघत विचारलं, "हा फुटला असता तर आधी वरची खोली गेली असती. तिथे कोण झोपतं?"

सासऱ्यांनी वर पाहिलं. मग माझ्या कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्या मिशा ओढायला हात पुढे करत होती.

"नात," ते म्हणाले.

माझं हसू पळालं. इतके महिने जी भीती वाटायला हवी होती ती सगळी एकदम वाटली. सासऱ्यांचा रागही आला आणि कीवही आली. त्यांच्या नखांत अजून चंदेरी रंग होता.

नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत इमारत गारठून गेली. भाडेकरूंनी जिन्यात उभं राहून चकाचकांचा उद्धार केला, तोही आता समोरासमोर. ते खाली मान घालून ऐकत होते आणि दारोदारी जादा पांघरुणं पोचवत होते. पांघरुणांना इस्त्री केलेली होती. स्वभावाला औषध नाही.

बाई पुन्हा आल्या, दांडी ओढली, फुस्सकन वाफ सुटली आणि सही झाली. आता व्हॉल्व्ह कधीमधी ठिबकतो. सासरे खाली बादली ठेवतात आणि थेंब पडलेला दिसला की वर येऊन सगळ्यांना सांगतात. नवं प्रमाणपत्रही फ्रेममध्ये जाऊन भिंतीवर बसलं.

पाळणा मात्र त्यांनी बाई पहिल्यांदा आल्या त्याच दिवशी मागच्या खोलीत हलवला होता, आमच्या बाडबिस्तऱ्यासकट. ऊबदार खोलीत त्यांनी स्वतःची खाट आणून टाकली. सासूबाईंनी त्यांना वेड्यात काढलं, तरी ऐकेनात. मागची खोली गार. लेक शिंकायला लागली तेव्हा मी तळघरात जाऊन त्यांना गाठलं.

"बाबा, आता प्रमाणपत्र आलंय. पाळणा परत तिथे लावू या ना."

ते फडक्याने नव्या प्रमाणपत्राची काच पुसत होते. पुसायचे थांबले.

"प्रमाणपत्र तर तेव्हाही होतं," ते म्हणाले.