विहिरीवरून कोणी चालतं का

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल.

इंटरव्ह्यूसाठी मी चिपळूणहून ठाण्याला तीनदा आलेले, तीन वेगळ्या ऑफिसांत, तिन्ही कोपरीत. फोनवरचा नकाशा तिथल्या गल्ल्यांत गोल गोल फिरवतो, म्हणून स्टेशनबाहेरच्या चावीवाल्या काकांना विचारायचे. हातातली कानस न थांबवता, मान वर न करता ते दर वेळी तेच सांगायचे, "वखारीवरून डावीकडे, मग विहीर. तिथे विचार."

दोनदा मी वखार शोधत बसले. दोनदा उशीर, दोन्ही नोकऱ्या गेल्या. तिसऱ्यांदा वैतागून विचारलं, "काका, वखार आहे कुठे?"

"पाडली ना. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो."

"अहो, मग सांगता कशाला? आणि विहीर?"

"बुजवली."

माझ्याकडे दहा मिनिटं उरलेली. काकांनी कानस ठेवली, शेजारच्या फुलवालीला "लक्ष ठेव गं" म्हणाले आणि स्वतः निघाले. एका मोबाईलच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वखार." पुढे एका पार्किंगमधून मी सरळ धावत सुटले, तर मागून ओरडले, "अगं, बाजूने. विहिरीवरून कोणी चालतं का?"

मी गुपचूप वळसा घातला.

ही नोकरी मिळाली. आता रोज त्याच पार्किंगमधून जाते, आणि कितीही उशीर झाला तरी त्या नसलेल्या विहिरीला वळसा घालते. कसला ताप आहे यार. तुमच्याही मागे कोणी असं काही लावून दिलंय का?